तबकडीखालची घरघर

ख्यालाची लांब तबकडी लावावी, दिवा मंद करावा आणि गवयानें पहिला षड्ज लावण्यापूर्वीं कांहीं क्षण नुसता तंबोरा वाजत राहावा, हें सुख ज्यांनीं अनुभविलें आहे त्यांस या लेखाचा विषय निराळा समजावून सांगण्याचें कारण नाहीं. ज्यांनीं तें अनुभविलें नाहीं त्यांनीं एवढेंच लक्षांत घ्यावें कीं, पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज सेकंदास सुमारें ७० कंपांच्या आसपास बोलतो. आपल्या देशांत विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें घेतो, आणि त्यावर चालणारी चार ध्रुवांची साधी मोटर सेकंदास जवळजवळ २५ फेरे करते. त्या फिरण्याचा कंप तबकडीखालच्या थाळींत उतरला, थाळींतून तबकडींत व तबकडींतून सुईंत चढला, म्हणजे तंबोऱ्याच्या पायाशीं तंबोऱ्याचा नसलेला असा एक दुसराच नाद घुमूं लागतो. ढोलकी, झांज किंवा बँड वाजत असेल तर तो झांकून जातो. परंतु आलापींत त्याला झांकणारें कांहींच नसतें. आमच्या संगीतास ही घरघर इतरांहून अधिक जाचते ती यामुळेंच. ही घरघर घालविण्यासाठीं माणसांनीं काय काय केलें, याचा इतिहास सुमारें दीडशें वर्षांचा आहे, आणि त्यांत शहाणपण व भाबडेपणा या दोहोंचाही वांटा मोठा आहे.

ध्वनि धरून ठेवणारें यंत्र जन्मास आलें तें १८७७ सालीं. एडिसनच्या त्या पहिल्या फोनोग्राफांत कथिलाचा पातळ पत्रा गुंडाळलेलें नळकांडें हातानें फिरवावें लागे. हात कितीही सराईत असला तरी तो कधीं घाई करणार व कधीं रेंगाळणार. आणि नळकांडें रेंगाळलें कीं सूर खालीं येणार. म्हणून पुढच्याच वर्षीं लोकांस दाखविण्यासाठीं जीं यंत्रें बनलीं त्यांच्या दांड्यावर एक जड चाक बसविण्यांत आलें. जडाला एकदां चालना मिळाली म्हणजे तें सहजासहजीं आपली चाल सोडीत नाहीं, हा कुंभाराच्या चाकाचा जुनाच धडा येथें उपयोगी पडला. स्वतः एडिसनचे कान लहानपणापासून अधू होते. नीट ऐकूं यावें म्हणून तो यंत्राच्या लांकडास दांत लावून बसे, आणि लांकडांतला कंप जबड्याच्या हाडांवाटे त्याच्या कानापर्यंत जाई. पुढें ज्या कंपाशीं लढण्यांत इतकी बुद्धि व इतका पैसा खर्ची पडला, त्याच कंपावर या यंत्राचा जनक आपली ऐकण्याची भूक भागवीत असे!

एडिसनची सुई वरखालीं नाचत असे. १८८७ सालीं एमिल बर्लिनर यानें ग्रामोफोनचें पेटंट मागितलें, त्यांत सुई खांचेंतून डावीउजवीकडे हलत होती. हा फरक वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. सत्तर वर्षांनीं त्याचा मोठाच हिशेब चुकता व्हावयाचा आहे. बर्लिनरचीं आरंभींचीं यंत्रेंही हातानेंच फिरवीत. १८९६ च्या सुमारास न्यू जर्सींतील कॅमडन गांवच्या एल्ड्रिज जॉन्सन यानें त्यांस चावीची मोटर दिली. घड्याळासारखी गुंडाळलेली पोलादी पट्टी आणि तिची धांव आवरणारा एक छोटासा गतिनियामक, अशी ही रचना होती. या नियामकाला तीन बारीक वजनें असत. वेग वाढला कीं तीं बाहेर फांकत, आणि तीं फांकलीं कीं एक चकती चामड्याच्या किंवा नमद्याच्या तुकड्यावर घांसून वेग उतरे. आमच्या आजोबांच्या पिढीनें माजघरांत बसून ऐकलेलें गाणें या तीन वजनांच्या भरंवशावर चाललेलें होतें.

तबकडी जेथें कोरली जाई तेथली खबरदारी मात्र याहून कितीतरी अधिक होती. ध्वनिमुद्रणाच्या दालनांत मेणाची जाड चकती फिरविण्याकरितां पट्टीचीही मोटर चालत नसे. तेथें देवळाच्या किंवा मनोऱ्याच्या घड्याळाप्रमाणें एक जड वजन उंचावर टांगून ठेवीत आणि तें सावकाश खालीं उतरतांना चकती फिरवी. पृथ्वीच्या ओढीइतकी निष्कंप मोटर दुसरी नाहीं, हें त्या कारागिरांनीं ओळखलें होतें. विजेची मोटर घरोघर पोंचल्यावरही वजनावर चालणारीं हीं यंत्रें मोठ्या कंपन्यांच्या दालनांत टिकून राहिलीं, हें विशेष आहे.

अर्थात् घरांत इतक्या निगुतीची गरजही नव्हती. लाखेच्या तबकडींत दगडाची पूड मुद्दाम मिसळलेली असे, आणि तिच्यावर पोलादी सुई घांसून खांचेच्या आकाराची होई. शंभर ग्रॅमांहून अधिक भार सुईवर असे. दर खेपेस सुई बदलावी लागे. त्या खरखरींत मोटरीचा आवाज कोण शोधणार? शिवाय कर्णा हा नुसता पत्र्याचा किंवा लांकडाचा. फार खालचे सूर त्याच्या आवांक्यांतच नव्हते. यंत्र घरघरत होतें, पण ती घरघर ऐकविण्याची त्याला ताकद नव्हती. उणीव उणिवेवर पांघरूण घालीत होती.

१९२५ सालीं विद्युत्-ध्वनिमुद्रण आलें आणि हें पांघरूण निघूं लागलें. पुढें सुईच्या जागीं विजेचा ग्राहक आला, कर्ण्याच्या जागीं ध्वनिक्षेपक आला आणि मधें व्हॉल्व्हचा वर्धक बसला. मग कारखानदारांनीं हें सगळें एका देखण्या कपाटांत भरून त्याला रेडिओग्राम असें नांव दिलें. दिवाणखान्याला शोभा आली खरी, परंतु एका पेटींत वक्ता व श्रोता यांना कोंडल्यासारखें झालें. ध्वनिक्षेपकाचा हादरा कपाटाच्या फळींतून तबकडीस पोंचे, सुई तो उचली, वर्धक तो वाढवी, आणि वाढलेला हादरा पुन्हां फळींत शिरे. आवाज जरा चढविला कीं कपाट खोल, हुंबरणाऱ्या आवाजांत ओरडूं लागे. व्हॉल्व्हही निर्दोष नव्हते. कांहीं तर टिचकी मारल्यास घंटेसारखे वाजत, म्हणून त्यांच्या बैठकींस रबर लावावें लागे. तबकडीचें यंत्र कपाटांत स्प्रिंगांवर तरंगतें ठेवण्याची चाल रेडिओग्रामांत पडली. वाहतुकींत तें आदळूं नये म्हणून स्क्रूनें आवळून पाठवीत, आणि घरीं आल्यावर ते स्क्रू सैल करावयाचे असत. ते तसेच आवळलेले ठेवून वर्षानुवर्षें ओरडणारें कपाट ऐकणारीं घरें थोडीं नव्हतीं.

खरी कसोटी लागली ती १९४८ च्या जून महिन्यांत. कोलंबिया कंपनीनें त्या वेळीं मिनिटास ३३⅓ फेऱ्यांची लांब तबकडी काढली. लाखेच्या तबकडींत एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांत बडा ख्याल कोंबावा लागे. येथें वीस मिनिटांहून अधिक वेळ मिळाला. खरखरही जवळजवळ गेली, कारण तबकडी आतां विनाइलची होती. पण खांच तिपटीनें अरुंद झाली. नव्या सुईच्या टोकाची त्रिज्या एका इंचाचा हजारावा हिस्सा, म्हणजे सुमारें २५ मायक्रॉन होती. आणि मंद स्वरांच्या वेळीं खांचेंतली नागमोड एका मायक्रॉनहूनही सूक्ष्म असते. एवढ्याशा हालचालींतून जी सुई गाणें वाचते तिला शेजारच्या खोलींतलें दार लागलेलें कळणारच. पार्श्वभूमि स्वच्छ होतांच डाग दिसूं लागले.

यावर पहिला उपाय वजनदारांचा. इंग्लंडांत स्विंडन येथें गॅरार्ड नांवाचा कारखाना होता. राजघराण्याच्या जवाहिऱ्यांच्या पेढीनें १९१५ सालीं काढलेली ही कंपनी पहिल्या महायुद्धानंतर ग्रामोफोनच्या मोटरी करूं लागली होती. तिचें ३०१ नांवाचें यंत्र १९५४ सालीं बाजारांत आलें. त्यांत मोटरीचा दांडा एका मधल्या रबरी चाकास फिरवी, तें चाक थाळीच्या आंतल्या कडेस लागून थाळी फिरवी, आणि मोटर स्वतः स्प्रिंगांमध्यें टांगलेली असे. स्वित्झर्लंडांतील सेंत-क्रुआ या संगीतपेट्यांच्या गांवीं १८८३ पासून काम करणाऱ्या थोरेन्स घराण्यानें १९५७ सालीं टी-डी १२४ काढलें. त्यांत मोटर व मधलें चाक यांच्या दरम्यान आणखी एक रबरी पट्टा घातला होता. हीं दोन्ही यंत्रें घडणीच्या दृष्टीनें अप्रतिम. आजही शौकीन त्यांच्यासाठीं भलताच पैसा मोजतात आणि त्यांना लांकडाच्या किंवा दगडाच्या जड बैठकींवर बसवितात. परंतु तत्त्वाकडे पाहिलें तर ज्या चाकानें फिरवावयाचें त्याच चाकावाटे मोटरीचा कंप थाळीला पोंचण्याची वाट तेथें उघडीच राहते. चोराला घरांत घेऊन दाराला कुलूप लावण्यासारखें हें झालें. कुलूप उत्तम होतें एवढेंच.

आणि नेमक्या याच वेळीं स्टीरिओ आला. १९५७-५८ मध्यें निघालेल्या स्टीरिओ तबकड्यांत खांचेच्या दोन भिंतींवर दोन निरनिराळे ध्वनि कोरलेले होते, आणि ते वाचण्यासाठीं सुईला डावीउजवीकडे तसेंच वरखालींही हलणें भाग पडलें. बर्लिनरनें जी वरखालची हालचाल सोडून दिली होती ती परत आली. आजपर्यंत थाळीचा वरखालचा हादरा सुईस कळत असला तरी ग्राहक तो विजेंत उतरवीत नव्हता. आतां तो निमूटपणें उतरवूं लागला. कालपर्यंत शांत भासणारीं यंत्रें रातोरात घरघरूं लागलीं. यंत्रें तींच होतीं, ऐकणारा बदलला होता.

या प्रश्नाला जें उत्तर मिळालें तें आमच्या मतें या सर्व इतिहासांतलें सर्वांत शहाणें उत्तर होय, आणि तें देणाऱ्या मनुष्याची थोडी विस्तारानें ओळख करून घेणें योग्य आहे. एडगर विल्चर यांचा जन्म १९१७ सालचा. ध्वनिशास्त्राचें रीतसर शिक्षण त्यांनीं घेतलेलें नव्हतें. दुसऱ्या महायुद्धांत सैन्यांतील रेडिओ व विद्युद्यंत्रें सांभाळतांना त्यांना या विद्येची गोडी लागली. १९५४ सालीं त्यांनीं हेन्री क्लॉस यांच्या साह्यानें मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील केंब्रिज येथें अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. कोंडलेल्या हवेच्या उशीवर पडदा तोलून धरणारा त्यांचा लहानसा ध्वनिक्षेपक आधींच प्रसिद्ध झाला होता. लहान पेटींतून खोल सूर काढणाऱ्या या ध्वनिक्षेपकानें एक नवी अडचणही आणली: खालचे सूर जितके चांगले निघूं लागले तितकी तबकडीखालची घरघर स्पष्ट होऊं लागली. १९६१ सालीं त्यांनीं तबकडीचें यंत्र काढलें, त्याच्या मुळाशीं हें कारण असावें असें मानण्यास जागा आहे.

त्यांनीं केलें तें असें. थाळीचा आंस आणि सुईचा दांडा हे दोन्ही एकाच कडक पट्टीवर पक्के बसविले, आणि ती पट्टी तीन मऊ स्प्रिंगांवर टांगली. मोटर त्या पट्टीवर न ठेवतां वरच्या स्थिर पत्र्यावर ठेवली. मोटर व थाळी यांच्यामध्यें दुवा एकच, मऊ रबरी पट्ट्याचा. थाळी आणि सुई एकाच होडींत बसल्यासारखीं झालीं. होडी हलली तर दोघेंही बरोबर हलणार, मग सुईला हललेलें कळावें कसें? सुईला फरक कळतो, हालचाल नव्हे. हीच गोष्ट वजनदारांच्या ध्यानांत पुरती आलेली नव्हती.

स्प्रिंग मऊ कां, याचेंही थोडें गणित आहे आणि तें कंटाळवाणें नाहीं. स्प्रिंगेवर ठेवलेल्या वजनाला स्वतःची एक डोलण्याची लय असते. वजनानें स्प्रिंग जितकी अधिक दबेल तितकी ती लय संथ. १ मिलिमीटर दबली तर सेकंदास सुमारें १६ डोल; १ सेंटिमीटर दबली तर ५; अडीच सेंटिमीटर दबली तर ३ हून थोडे अधिक. या लयीच्या सुमारें दीडपटीहून जलद असे जे हादरे येतील तेच स्प्रिंग अडविते, आणि जितके जलद तितके जास्त अडविते. मोटरीचा सेकंदास २५ कंपांचा हादरा घेऊं. अडीच सेंटिमीटर दबलेल्या स्प्रिंगेंतून त्याचा साठाव्या हिश्श्याच्या आसपास अंश पलीकडे जाईल. उलट १ मिलिमीटर दबणाऱ्या रबरी पायांतून त्याचा दोनतृतीयांश भाग खुशाल निघून जाईल. बाजारांत मिळणाऱ्या सुबक रबरी पायांकडे या हिशेबानें पाहिलें म्हणजे त्यांतले पुष्कळसे केवळ टेबलावर ओरखडे पडूं न देण्याच्या योग्यतेचे ठरतात.

विल्चर यांच्या कंपनीचे लोक आपलें यंत्र दाखवितांना तबकडी वाजत असतां यंत्रावर हातोडीचे ठोके मारीत, आणि गाणें चालूच राही. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनांत व केंब्रिज येथें कंपनीचीं संगीतदालनें होतीं. तेथें येणाऱ्यानें बसावें, ऐकावें व जावें. विक्री तेथें होत नसे. यंत्राची आरंभींची किंमत दांड्यासह ५८ डॉलर होती, आणि पुढें ती ७८ झाली. दिसावयास तें अगदींच साधें होतें. त्याचा दांडा मात्र ओबडधोबड होता, ही तक्रार तेव्हांही होती व ती खरीच होती. पण घरघर घालविण्याचा मार्ग श्रीमंतींतून जात नाहीं, तर प्रश्न नीट मांडण्यांतून जातो, हें ५८ डॉलरांच्या त्या पेटीनें दाखवून दिलें. वजनदार यंत्रें विकणारांस हें रुचलें नसेल तर नवल नाहीं.

तथापि या उत्तरांतही एक गोम होती, आणि ती लांकडी तक्तपोशीच्या घरांत राहणारांस लवकरच कळली. चालणाऱ्या माणसाचीं पावलें सेकंदास सुमारें दोन पडतात, आणि त्या पावलांनीं लांकडी जमीन स्वतःच्या लयींत हेलकावते. मऊ स्प्रिंगेची लय त्याच आसपासची. मोटरीचा जलद कंप जिनें अडविला तीच स्प्रिंग पावलाचा संथ हेलकावा अडवीत तर नाहींच, उलट वाढविते. हातोडीला दाद न देणारें यंत्र घरांतलें मूल धांवत गेलें कीं सुई उडवी. मुंबईच्या जुन्या चाळींतून, जेथें वरच्या मजल्याची जमीन तुळ्यांवर ठोकलेल्या फळ्यांची आहे, तेथें हा अनुभव कोणासही घेतां येईल. याला इलाज एकच: यंत्र जमिनीवरच्या टेबलावरून उचलून जाड भिंतींत ठोकलेल्या फळीवर ठेवणें. भिंत पावलांनीं डुलत नाहीं.

विल्चर यांचा मार्ग पुढें पुष्कळांनीं चोखाळला. स्कॉटलंडांत ग्लासगो येथें १९७३ च्या सुमारास पुढें आलेलें लिन सोंडेक हें यंत्र त्याच तीन स्प्रिंगांच्या वंशांतलें. त्याची घडण अधिक रेखीव व किंमत कितीतरी अधिक. जपानांतील मात्सुशिता कंपनीनें मात्र अगदीं उलट वाट धरली. पट्टा नको आणि चाकही नको, असें म्हणून त्यांनीं मोटर थेट थाळीच्या आंसावरच बसविली. १९७० सालचें त्यांचें टेक्निक्स एस-पी १० आणि १९७२ चें एस-एल १२०० हीं या जातीचीं. थाळीबरोबर मोटरही मिनिटास ३३⅓ फेरेच करते. म्हणजे तिचा मुख्य फेरा सेकंदास अर्ध्याहून किंचित् अधिक, आणि तो कानाच्या टप्प्याच्या कितीतरी खालीं. घरघरीला दूर ठेवण्याऐवजीं तिचा सूरच ऐकूं न येण्याइतका उतरविण्याची ही युक्ति खरोखर सुंदर आहे. पुढच्या आवृत्तींत त्यांनीं यंत्राची बैठक रबरानें जड केली, आणि जेथें भिंती थरथरतात अशा नृत्यगृहांतून तें यंत्र अनेक दशकें टिकलें.

यानंतरचा इतिहास अर्धा शास्त्राचा आणि अर्धा श्रद्धेचा आहे. कोणी ध्वनिक्षेपकाखालीं टोकदार खिळे लावून त्याला जमिनीशीं घट्ट जखडावें म्हणतो. कोणी त्याच ध्वनिक्षेपकाखालीं मऊ रबर घालून जमिनीपासून सोडवावें म्हणतो. दोघांनाही फरक ऐकूं येतो, आणि दोघेही शपथेवर सांगतात. फरसबंदीची शिळा, अर्धे कापलेले टेनिसचे चेंडू, सायकलच्या चाकाची थोडी फुगविलेली रबरी नळी, असे घरगुती उपाय शौकिनांनीं करून पाहिले. त्यांतली नळी तर वरच्या गणिताप्रमाणें सरस उतरते, कारण ती खूप दबते. दुकानांतल्या चकचकीत धातूच्या शंकूंविषयीं असें म्हणवत नाहीं. ज्यांत सुई नाहीं आणि हलणारा भाग नाहीं अशा वर्धकाखालींही ते विकले जातात! व्हॉल्व्हच्या वर्धकाबाबत त्याला थोडें तरी कारण सांगतां येईल. इतरांबाबत विकणाराची निष्ठा एवढेंच.

१९८२ च्या आक्टोबरांत जपानांत कॉम्पॅक्ट डिस्क विक्रीस आली आणि घरघरीचा मूळ प्रश्नच संपल्यासारखा वाटला. तेथें खांच वाचतो तो प्रकाशाचा किरण, आणि वाचलेले अंक चुकले तर ते दुरुस्त करण्याची सोय त्यांतच आहे. चालतां चालतां खिशांतलें यंत्र अडखळे, पण पुढें कांहीं सेकंदांचें गाणें आधींच वाचून सांठविण्याची युक्ति निघाल्यावर तेंही थांबलें. तरी तबकडी गेली नाहीं. २०२० सालीं अमेरिकेंत विनाइल तबकड्यांच्या विक्रीचें उत्पन्न कॉम्पॅक्ट डिस्कांच्या उत्पन्नाहून अधिक झालें; असें होण्याला तीन दशकांहून अधिक काळ लोटला होता. म्हणजे घरघरही परत आली, आणि तिच्यावरचे रबरी पाय, शिळा व शंकूही.

विल्चर यांनीं १९६७ सालीं आपली कंपनी विकली आणि न्यूयॉर्क संस्थानांतील वुडस्टॉक येथें घरच्या प्रयोगशाळेंत ते निराळ्याच कामास लागले. कान अधू झालेल्यांस हळू आवाज मुळींच ऐकूं येत नाहीं, मात्र मोठा आवाज पूर्वींइतकाच मोठा वाटतो. आणि त्या काळचीं श्रवणयंत्रें सगळेच आवाज सारखे वाढवीत असल्यामुळें बोलणें समजण्याऐवजीं कान दुखत. निरनिराळ्या उंचीच्या सुरांचे भाग पाडून प्रत्येक भागांतला हळू आवाज अधिक व मोठा आवाज कमी वाढवावा, अशी रीति त्यांनीं शोधून १९७३ सालीं प्रसिद्ध केली. तिचें पेटंट त्यांनीं घेतलें नाहीं. पुढें याच तत्त्वावर श्रवणयंत्रें बनूं लागलीं. विल्चर २०११ सालीं वुडस्टॉक येथें वारले.